गाठ केवढी यापेक्षा नळी किती उरली

थायरॉईडच्या गाठीने माझी श्वासनलिका दबली होती. पहिल्या तपासणीपासून शेवटच्या टीएसएचपर्यंत (थायरॉईडचं काम सांगणारी रक्ततपासणी) १०८ दिवस लागले. ऑपरेशन होतं त्यातल्या ६४व्या दिवशी. मधले बरेचसे दिवस रिपोर्टची वाट बघण्यात गेले आणि काही दिवस तपासण्यांचा क्रम चुकल्यामुळे फुकट गेले. हा क्रम आधी कोणी सांगितला असता तर भीती निम्मी झाली असती, म्हणून तारखांऐवजी दिवस मोजून लिहिते आहे.

आधी गळ्यात काय कुठे असतं ते. थायरॉईडचं नेहमीचं वजन १५ ते २५ ग्रॅम. श्वासनलिकेच्या दोन बाजूंना दोन पाळ्या, आणि त्यांना जोडणारी पट्टी श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कड्यावर आडवी. ग्रंथी श्वासनलिकेला आणि स्वरयंत्राला घट्ट बांधलेली असते, त्यामुळे घोट घेतला की गाठ वर सरकते. गळ्यातल्या इतर बहुतेक गाठी तशा सरकत नाहीत. श्वासनलिकेत १६ ते २० कुर्चेची कडी असतात, पण ती पूर्ण गोल नसतात. मागची बाजू मऊ पडद्याची असते आणि तिला चिकटून, किंचित डावीकडे, अन्ननलिका. दोन्ही नळ्यांच्या मधल्या खाचेतून स्वरतंतूंकडे जाणारी नस वर चढते. बाहेरच्या अंगाला मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या.

ग्रंथी समोर वाढली तर त्वचा आणि पातळ स्नायू ताणले जातात, गळा जाड दिसतो, पण आत फारसं बिघडत नाही. म्हणून काहींच्या गळ्यावर नारळाएवढी गाठ असते आणि श्वास अगदी मोकळा असतो. खरी अडचण गाठ खाली उतरते तेव्हा. गुरुत्वाकर्षण, गिळताना होणारी हालचाल आणि श्वास घेताना छातीत तयार होणारा ओढा, हे तिन्ही तिला खालीच नेतात. मान संपते तिथे हाडांचं कडं आहे: पुढे छातीच्या मधल्या हाडाचा वरचा भाग, बाजूंना पहिल्या बरगड्या, मागे मणका. पुढून मागे जेमतेम ५ सेंटीमीटर, आडवं साधारण १०. श्वासनलिका, अन्ननलिका, हाताकडे आणि डोक्याकडे जाणाऱ्या धमन्या, डोक्याकडून परतणाऱ्या शिरा, नसा, सगळं याच दारातून जातं. अंगणात दहा माणसं उभी राहिली तरी येणंजाणं चालू राहतं. उंबरठ्यात एकच आडवा उभा राहिला की दार बंद. उराच्या हाडामागे उतरलेली गाठ म्हणजे हा उंबरठ्यातला माणूस. बाहेरून ती कधीकधी दिसतही नाही.

त्रास सुरू झाला तो चढावर. मग उताणं झोपलं की घुसमट आणि कुशीवर वळलं की बरं. अशा वेळी दम्याचं निदान होणं फार सामान्य आहे, इथेही तेच झालं आणि इन्हेलरवर ५ महिने गेले. फरक ओळखायची खूण साधी आहे. दम्याची शिट्टी छातीतून आणि जास्त करून श्वास सोडताना येते. वरची नळी दबली असेल तर आवाज गळ्यापाशी, घोरल्यासारखा किंवा घासल्यासारखा, आणि ठळक येतो तो श्वास आत घेताना. इन्हेलर फुप्फुसातल्या बारीक नळ्यांचे स्नायू सैल करतो. बाहेरून दाबलेल्या नळीवर त्याचा काय उपयोग?

प्रौढ माणसाची श्वासनलिका आतून साधारण १५ ते २० मिलीमीटर रुंद असते. ती बरीच अरुंद होईपर्यंत कळतही नाही. साधारण ८ मिलीमीटरच्या खाली गेली की श्रमाच्या वेळी दम लागतो, ५ च्या खाली गेली की बसल्याजागी आवाज येतो. हवा संथ वाहते असं धरलं तर व्यास निम्मा झाल्यावर अडथळा १६ पट होतो, त्यामुळे शेवटचे एकदोन मिलीमीटर फार महाग पडतात. उलट नळी नुसती एका बाजूला ढकलली गेली असेल आणि रुंदी शाबूत असेल, तर बहुधा काहीच त्रास होत नाही. एक्स-रेवर ‘श्वासनलिका सरकलेली आहे’ एवढंच लिहिलेलं असेल तर घाबरू नका. रुंदी किती ते विचारा.

पहिला दिवस. डॉक्टर मागे उभे राहून दोन्ही हातांनी गळा चाचपतात आणि पाणी प्यायला लावतात. त्यांना बघायचं असतं की गाठीची खालची कड बोटाला लागते का. गिळतानाही बोट खाली जात नसेल तर गाठ छातीत उतरली आहे असं समजायचं. मग दोन्ही हात वर, दंड कानाला टेकवून, मिनिटभर. चेहरा लालनिळा झाला, मानेच्या शिरा फुगल्या, गरगरलं, तर दारात दाटी आहे. डॉ. ह्यू पेंबर्टन यांनी १९४६ मध्ये ही खूण नोंदवली. हात वर केल्यावर गाठ बुचासारखी दारात अडकते असं पूर्वी मानत. एमआरआयमध्ये मात्र असंही दिसलं आहे की कॉलरबोन अडकित्त्याच्या पात्यासारख्या फिरतात आणि शिरा गाठीवर चेपल्या जातात. घरी एकट्याने करून बघू नका. दवाखान्यात करताना गरगरलं तर लगेच हात खाली घ्या, तेवढ्यानेही उत्तर मिळालेलं असतं.

दुसरा दिवस, रक्त. टीएसएच आणि फ्री टी-फोर, म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान २ दिवस आधी बंद करा, नाहीतर आकडे खोटे येतात. माझा टीएसएच नॉर्मल आला, आणि ‘मग थायरॉईडचा काही प्रश्न नाही’ हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं. ग्रंथीचं काम आणि ग्रंथीचं आकारमान ही दोन वेगळी खाती आहेत. हार्मोन बिनचूक बनवणारी ग्रंथीसुद्धा श्वासनलिका दाबू शकते. टीएसएच कमी आला, म्हणजे बहुधा ग्रंथी जास्त हार्मोन बनवते आहे, तर मात्र वाट बदलते: आधी आयसोटोप स्कॅन (किंचित किरणोत्सर्गी द्रव्य देऊन काढलेलं ग्रंथीचं चित्र), आणि ऑपरेशन ठरलंच तर त्याआधी औषधांनी हार्मोन ताळ्यावर आणणं.

चौथा दिवस, सोनोग्राफी. दुखत नाही, १५ मिनिटांत होते. प्रत्येक पाळीची लांबी, रुंदी आणि जाडी सेंटीमीटरमध्ये घेऊन, गुणून, पुन्हा ०.५२ ने गुणलं की घनफळ मिलीलिटरमध्ये मिळतं. ६ × ४ × ४ ची पाळी म्हणजे जवळपास ५० मिलीलिटर. पण ध्वनिलहरी हाडातून पलीकडे जात नाहीत, आणि मान मागे टाकून झोपवल्यामुळे ग्रंथी थोडी वरही ओढली जाते. म्हणून रिपोर्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बहुधा शेवटी, बारीक अक्षरात असतं: ‘खालचं टोक दिसलं नाही.’ हे वाक्य असेल तर पुढची तपासणी सीटी. माझ्या रिपोर्टमध्ये ते होतं आणि कोणी वाचलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मीच ते बोट ठेवून दाखवलं.

नवव्या दिवशी सुई. गाठींपैकी जी संशयास्पद दिसते तिच्यातून सोनोग्राफीवर बघत बारीक सुईने पेशी ओढतात, बहुधा दोन ते चार वेळा. रक्त घेताना टोचतं त्याहून फार जास्त दुखत नाही, पण सुई आत असताना गिळायचं नाही आणि बोलायचं नाही, आणि नेमकी तेव्हाच तोंडात लाळ साठते. सुई घालण्यापूर्वी मोठा घोट गिळून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी, फोनवरच सांगा. नंतर अर्धा तास तिथेच बसा. क्वचित आत रक्त साठून गाठ फुगते, आणि नळी आधीच अरुंद असेल तर तेवढं पुरतं. रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने १ ते ६ असा येतो. १ म्हणजे कॅन्सर नाही असा अर्थ नव्हे, १ म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, पुन्हा करा. २ म्हणजे साधी गाठ, ६ म्हणजे कॅन्सर. माझा पहिला रिपोर्ट १ होता. दुसरी सुई आणि तिचा रिपोर्ट यात आणखी ३ आठवडे गेले, शेवटी २ आला. सगळ्या प्रवासात सर्वांत जड गेले ते हे ३ आठवडे. श्वासाचा त्रास निदान कळतो तरी. हे नुसतं थांबणं होतं.

या रिकाम्या दिवसांत तीन कामं करून घेता येतात, ती मी उशिरा केली.

पहिलं, स्वरयंत्राची तपासणी. नाकातून बारीक लवचीक दुर्बीण, दोन मिनिटांचं काम. आधी फवारतात ते औषध कडू लागतं आणि घसा बधिर होतो. बधिरपणा जाईपर्यंत, साधारण तासभर, खाऊपिऊ नका. आवाज ठीक असला तरी ही तपासणी हवीच. एक स्वरतंतू निकामी झाला तर दुसरा मध्यरेषा ओलांडून त्याची भरपाई करतो आणि बोलण्यात काही कळत नाही. स्वरतंतूची डावी नस छातीत महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन परत वर येते, उजवी हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून. इतका लांबचा रस्ता असल्याने ती ताणली किंवा दबली जाऊ शकते. पण एक लक्षात ठेवा: साधी गाठ नसेला सहसा निकामी करत नाही, बाजूला सरकवते. गाठ आहे आणि आवाज बसलेलाच राहिला आहे, तर डॉक्टर कॅन्सरचा विचार आधी करतात, आणि तो करायलाच हवा. पापणी एका बाजूने झुकली आणि त्या डोळ्याची बाहुली लहान झाली तर तेही तितक्याच तातडीने दाखवा. ती दुसऱ्या नससाखळीवरच्या दाबाची खूण असते.

दुसरं, फुंकण्याची तपासणी. यात नुसते आकडे नकोत, प्रवाह आणि घनफळाचा आलेख मागा. अडथळा मानेतल्या भागात असेल तर श्वास आत घेतानाची रेषा वाटीसारखी न येता ताटासारखी सपाट येते. नळी कडक दाबलेली असेल तर वरची (श्वास सोडतानाची) आणि खालची (आत घेतानाची) दोन्ही सपाट. माझ्या जुन्या फाईलमध्ये असाच सपाट आलेख होता, फक्त कोणी चित्राकडे बघितलं नव्हतं.

तिसरं, गिळण्याची नोंद. अन्ननलिका स्नायूंची, मऊ. ती दाबाखालून सटकते. म्हणून गिळण्याचा त्रास उशिरा येतो आणि कोरड्या, घट्ट घासापासून सुरू होतो. पाणीच आधी अडकत असेल तर कारण बहुधा वेगळं असतं. नुसती लाळ गिळताना गोळा आल्यासारखं वाटतं पण जेवण सरळ उतरतं, ही तक्रार गाठीची असेलच असं नाही, आणि ऑपरेशनने ती जाईल याची खात्री कोणी देऊ नये. कशाचा घास अडकला आणि किती पाणी प्यावं लागलं, आठ दिवस लिहून ठेवा. बेरियम पिऊन काढायचा एक्स-रे लागेल की नाही ते यावरूनच ठरतं.

तिसाव्या दिवशी मान आणि छातीची सीटी. बुकिंग करतानाच विचारायचं: शिरेतून रंगद्रव्य देणार का? त्यात भरपूर आयोडीन असतं. काही जुन्या गाठींमध्ये मनमानी करणाऱ्या पेशी असतात, त्यांना एवढं आयोडीन मिळालं की काही आठवड्यांत हार्मोन भडकतो. शिवाय पुढे काही आठवडे रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनने गाठ आटवण्याचा, मार्ग बंद होतो. नळीची रुंदी मोजायला साधी सीटी पुरते. रक्तवाहिन्या बघायच्याच असतील तर डॉक्टर ठरवून देतील, पण ते ठरवून व्हावं, सवयीने नव्हे.

मशीनवर उताणं झोपायचं, याचीच मला सगळ्यात धास्ती होती. तंत्रज्ञाला आधी सांगा, ‘उताणं झोपलं की श्वास अडतो.’ मग ते शेवटच्या क्षणी झोपवतात. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा असतो. रिपोर्टमध्ये पुढचं असायलाच हवं, नसेल तर रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या: नळी सगळ्यात अरुंद कुठे आणि किती मिलीमीटर, उराच्या हाडाच्या वरच्या कडेपासून गाठ किती खाली, महाधमनीच्या कमानीच्या वर की खाली, श्वासनलिकेच्या पुढे की मागे. माझा आकडा ७ मिलीमीटर. तो कळल्यावर घाबरण्याऐवजी हायसं वाटलं, कारण दम खरोखर लागत होता हे कागदावर आलं. चित्रांची सीडी घ्या. सर्जनला रिपोर्ट नको असतो, चित्रं हवी असतात.

३८व्या दिवशी निर्णय. त्रास नाही, नळी रुंद आहे, सुईचा रिपोर्ट साधा आहे, तर वर्षाकाठी मोजत राहणं हा खरा पर्याय आहे. रेडिओआयोडीनने गाठ वर्षादोन वर्षांत जवळपास निम्मी होऊ शकते, पण सुरुवातीला ती थोडी सुजू शकते. ७ मिलीमीटरच्या नळीला ती सूज परवडत नाही. सुईतून उष्णता देऊन गाठ जाळतात ते मानेतल्या एकट्या गाठीला बरं, हाडामागे सुई पोहोचत नाही. गाठ आटवण्यासाठी थायरॉक्सिनच्या (थायरॉईड हार्मोनच्या) गोळ्या देण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे: गाठ थोडीशीच कमी होते, गोळी बंद केली की परत वाढते, आणि जास्त मात्रेने हृदय आणि हाडांवर परिणाम होतो. उरलं ऑपरेशन.

४०वा ते ६०वा दिवस कागदांचे. विमा असेल तर सर्जनच्या पत्रात ‘श्वासनलिकेवर दाब’ हे शब्द आणि मिलीमीटरचा आकडा दोन्ही असू द्या. नुसतं ‘गळ्याची गाठ’ लिहिलं की दिसण्यासाठीचं ऑपरेशन समजून प्रश्न विचारले जातात. माझी मंजुरी त्यामुळेच ८ दिवस अडली. सगळ्या रिपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही बघा. खर्चाचा अंदाज घेताना तीन गोष्टी वेगळ्या विचारा, कारण त्या अनेकदा पॅकेजच्या बाहेर राहतात: नसेवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रोडची ट्यूब, पॅथॉलॉजी (काढलेल्या गाठीची तपासणी), आणि एक रात्र आयसीयूत काढावी लागली तर तिचा खर्च.

भूलतज्ज्ञाची भेट मी उरकायची गोष्ट समजत होते. खरं तर सगळ्यात नेमके प्रश्न तिथेच आले: किती उशा घेता, कोणत्या कुशीवर बरं वाटतं, रात्री दचकून उठता का. नळी फारच अरुंद असेल तर घसा बधिर करून, माणूस जागा असतानाच दुर्बिणीवरून ट्यूब घालतात. बहुतेकांना ते लागत नाही. साध्या गाठीने दबलेली नळी ट्यूबला वाट देते. घन आहार ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत.

ऑपरेशन ६४व्या दिवशी. हाडामागे उतरलेल्या गाठी बहुतेक वेळा मानेतल्या आडव्या छेदातूनच निघतात, कारण त्यांचा रक्तपुरवठा मानेतूनच खाली गेलेला असतो. मानेतल्या रक्तवाहिन्या बांधल्या की सर्जन बोट घालून गाठ वर ओढून घेतात. छातीचं हाड कापावं लागतं ते फार थोड्यांना, पण संमतीपत्रावर ते असतं. वाचून धसकू नका.

पहिले २४ तास एका गोष्टीसाठी महत्त्वाचे: आत रक्त साठणं. बरेचदा ते पहिल्या ६ तासांत होतं. मान घट्ट होत जाते, माणूस अस्वस्थ होऊन उठून बसायला बघतो, आवाज बदलतो. सोबतच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा, आणि असं झालं तर बेल वाजवून वाट बघायची नाही, बाहेर जाऊन हाक मारायची. पलंगावरच टाके उघडून दाब मोकळा करतात. मला हे झालं नाही, पण सोबत बसलेल्या बहिणीला काय बघायचं ते माहीत होतं, म्हणून दोघी झोपू शकलो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॅल्शियम. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांना धक्का बसला की रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या की लगेच सांगा, पेटके यायची वाट बघू नका. माझ्या मुंग्या दुसऱ्या रात्री सुरू झाल्या आणि गोळ्यांनी ३ आठवड्यांत गेल्या. आवाज ट्यूबमुळे दोन-तीन दिवस घोगरा राहतो. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा वरचा सूर लागत नसेल तर ते वेगळं सांगा, त्या दोन वेगवेगळ्या नसांच्या तक्रारी आहेत.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट ७३व्या दिवशी आला: साधी गाठ. सुईचा रिपोर्ट साधा असला तरी हा घेतल्याशिवाय फाईल बंद करू नका. मोठ्या गाठीच्या कोपऱ्यात बारीक कॅन्सर सापडतो असंही होतं.

पूर्ण ग्रंथी काढली की थायरॉक्सिन आयुष्यभर. स्विस सर्जन थिओडोर कोखर यांनी गलगंडाचं ऑपरेशन सुरक्षित केलं, १९०९ चं नोबेल मिळवलं. पण पूर्ण ग्रंथी काढलेली माणसं नंतर मंद आणि सुजलेली होतात हे त्यांनीच १८८३ मध्ये मांडलं होतं. तेव्हा द्यायला गोळी नव्हती. आता आहे: वजनाच्या दर किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम, सकाळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत ४ तासांचं अंतर हवं, कारण त्या थायरॉक्सिनला पोटातच अडवतात. दोन्ही डब्या एकत्र ठेवल्यामुळे पहिल्या आठवड्यात माझी ही चूक झाली. आता थायरॉक्सिन उशाशी असतं आणि कॅल्शियम जेवणाच्या टेबलावर.

१०८व्या दिवशी, ऑपरेशननंतर सव्वासहा आठवड्यांनी, टीएसएच. त्याआधी करून उपयोग नसतो, मात्रा स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. त्याच दिवशी फुंकण्याची तपासणीही पुन्हा केली. श्वास आत घेतानाची रेषा आता वाटीसारखी आहे आणि इन्हेलर बंद झाला आहे. टीएसएच मात्र थोडा वर आला, म्हणजे मात्रा कमी पडत होती, म्हणून गोळी २५ मायक्रोग्रॅमने वाढली. पुढचं रक्त पुन्हा ६ आठवड्यांनी.